मातीची वाट मातीचीच राहू द्या

खारघरला सेंट्रल पार्क आणि गोल्फ कोर्सच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्यालगत, माणसांच्या आणि गुरांच्या येण्याजाण्याने पडलेली एक मातीची वाट आहे. ही वाट घोड्यांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी अधिकृतपणे राखून ठेवावी, तिच्यावर डांबर, काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घालू नयेत आणि मोटारवाहनांना तिथे मज्जाव असावा, अशी आमच्या गटाची मागणी आहे. लांबी साधारण तीन किलोमीटर आणि रुंदी तीन मीटर, इतकेच तिचे माप. गेले काही महिने आम्ही यासाठी सह्या गोळा करत आहोत, निवेदने देत आहोत, बैठका घेत आहोत. आणि या काळात आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, की खारघरमध्ये घोडे आहेत तरी कुठे?

घोडे आहेत. घोडेस्वारी शिकवणारे एक लहानसे केंद्र आमच्या घरापासून फार लांब नाही आणि चाळिशी ओलांडल्यावर मी तिथेच खोगिरावर बसायला शिकले. तिथले बहुतेक घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचे, आहेत. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असताना धावू लागतो आणि पाच-सहा वर्षांचा झाला की बहुधा त्याची कारकीर्द संपते. पण नीट सांभाळला तर घोडा पंचवीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो, म्हणजे त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग शर्यतीनंतरचा असतो. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासून आहे आणि तिथला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे. पण मुंबईच्या मैदानावरून निघालेल्या प्रत्येक घोड्याला तिथेच जागा मिळणे शक्य नसते. त्यांतले काही खाडी ओलांडून आमच्याकडे येतात, आणि त्यांना पुढची पंधरा-वीस वर्षे रोज कुठेतरी चालवावे लागते.

दुसरे घोडे वरातीचे. लग्नसराईत, शिवजयंतीच्या मिरवणुकीत, एखाद्या नेत्याच्या स्वागताला आपण ज्यांना सजवलेले पाहतो, त्या घोड्या वर्षाचे उरलेले दिवस पत्र्याच्या शेडमध्ये, अगाडी-पिछाडीने बांधलेल्या असतात. तुळशीच्या लग्नानंतर त्यांचा हंगाम सुरू होतो आणि आषाढात चातुर्मास लागला की काम संपते. त्यानंतरचे चार महिने या जनावरांना फेरफटका मिळाला नाही, तर त्यांचे पाय भरतात, पोटशूळ उठतो, स्वभाव चिडका होतो. आमच्या भागात नाल ठोकायला येणारे एक वयस्कर नालबंद चाचा आहेत. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितले, की घोडं चालून मरत नाही, उभं राहून मरतं. आणि ही सभा घोडेस्वारीच्या हौशी लोकांची आहे असे समजून जे दोघे-तिघे उठायच्या बेतात होते, ते पुन्हा खाली बसले.

आज हे सगळे घोडे डांबरी रस्त्यावरून चालतात. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता नाही. सकाळी लवकर, वाहतूक वाढण्यापूर्वी, मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, त्यांना फिरवायला काढतात, पण बांधकामांवर जाणारे डंपर आणि रेडी-मिक्स काँक्रीटच्या गाड्याही त्याच वेळी रस्त्यावर असतात. आमच्या केंद्रातल्या एका तांबूस घोडीला घेऊन मी मोतद्दाराबरोबर चालत असताना जे घडले, ते सांगितल्याशिवाय ही मागणी कशासाठी आहे ते कळणार नाही. फुटपाथच्या कडेला गटाराची लोखंडी जाळी होती. घोडी तिच्यापाशी थांबली, मान खाली घालून फुरफुरली, एक कान जाळीकडे आणि एक कान मागे. खाली पोकळी आहे आणि वर उजेडाच्या पट्ट्या आहेत, इतकेच तिला दिसत होते. तिला अर्धा मिनिट दिला असता, तर तिने जाळी हुंगली असती आणि ती बाजूने निघून गेली असती. तेवढ्यात मागून आलेल्या डंपरने लांबलचक हॉर्न दिला. घोडी उडी मारून फुटपाथवर चढली, दवाने ओल्या झालेल्या पेव्हर ब्लॉकवर तिच्या पुढच्या पायाची नाल घसरली आणि ती गुडघ्यावर आली. मोतद्दाराने लगाम सोडला नाही म्हणून ती रस्त्यात गेली नाही. ब्लॉकवर नालेचा पांढरा ओरखडा उठला होता आणि गुडघ्याची कातडी रुपयाएवढी सोलली होती. घोडी उभी राहिल्यावरही बराच वेळ तिचे पोट थरथरत होते.

घोडा भित्रा आहे म्हणून असे होते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांतले दिसते. पण नाकासमोरचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग त्याला दिसत नाही. नेमक्या त्या मागच्या भागातूनच आपली वाहने येतात. उजेडातून सावलीत गेल्यावर त्याच्या डोळ्यांना स्थिरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. ज्या प्राण्याचा जीव हजारो वर्षे वेळीच पळून जाण्यावर टिकला, त्याला संशय आला की तो आधी पळतो आणि मग पाहतो. खुराचीही गोष्ट तशीच आहे. चारशे ते पाचशे किलो वजनाचा घोडा पाऊल टेकवतो तेव्हा खूर किंचित रुंदावतो आणि उचलतो तेव्हा पूर्ववत होतो; खुराच्या तळाशी मधोमध असलेला त्रिकोणी, लवचिक भाग या हालचालीत दाबला जातो आणि खालच्या पायातले रक्त वर चढायला मदत होते. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली घोड्याला स्नायू जवळजवळ नसतातच, असतात त्या कंडरा आणि हाडे. मातीवर पावलाचा काही हादरा जमीन घेते. डांबरावर तो सगळा हाडांना आणि सांध्यांना सोसावा लागतो. चाल साधी असेल तर एक वेळ चालते, पण दुडकीने नेले की सहा महिन्यांत पाय बोलू लागतात.

कायद्याने रस्त्यावरच्या घोड्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३२ मध्ये अशी तरतूद आहे, की एखादे जनावर वाहनामुळे बिथरेल अशी भीती ते सांभाळणाऱ्या माणसाला वाटली आणि त्याने थांबण्यास सांगितले, तर चालकाने वाहन थांबवले पाहिजे. आणि त्या कलमात जनावर म्हणजे कोणते, हे सांगताना घोड्याचा उल्लेख स्पष्टपणे केलेला आहे. हे कलम आम्ही छापून मोतद्दारांना वाटले. पण हात वर करून भरधाव डंपर थांबवण्याची हिंमत मोतद्दाराने करावी आणि चालकाला ते कलम ठाऊक असावे, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळून येण्याची वाट पाहत आपण जनावर रस्त्यावर आणू शकत नाही. घोडा आणि मोटार यांना वेगळे ठेवणे, हाच खरा उपाय आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसले, तिच्याकडे येते. आम्हाला वाटले होते, की कार्यालयांकडून नकार येईल. नकार कुठेच आला नाही. उलट ज्यांना भेटलो त्यांनी कल्पना चांगली आहे असेच म्हटले, आणि पुढच्याच वाक्यात ती वाट ‘विकसित’ करण्याची तयारी दाखवली: रंगीत पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूंना कर्बस्टोन, शोभेचे दिवे, मध्ये एक सेल्फी पॉइंट. आम्ही म्हणालो, यांतले काहीच नको. माती हवी, पाण्याचा निचरा हवा आणि मोटारसायकली अडतील असे काहीतरी हवे. यावर एका कार्यालयातील लिपिकांनी अतिशय सरळपणे विचारले, “मॅडम, मग हे कोणत्या हेडखाली बसवायचं?” हा प्रश्न त्यांनी टाळाटाळ म्हणून विचारला नव्हता. पेव्हर ब्लॉक बसवण्याला लेखाशीर्ष आहे, अंदाजपत्रक आहे, निविदा आहे, पूर्ण झालेल्या कामाचे फोटो आहेत. आहे ती माती तशीच ठेवण्याला यांतले काहीही नाही. जे बांधायचे नाही, त्याची फाइल कशी उघडायची, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या वाटेला नकारापेक्षा या तयारीचाच धोका जास्त आहे, असे मला वाटते. पेव्हर ब्लॉक बसले की ती वाट नकाशावर येईल, तिचे उद्घाटन होईल, आणि तिच्यावरून घोडा नेता येणार नाही. पनवेलच्या आकाशात दिसणारे माथेरान हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण आहे. तिथे मोटारवाहनांना बंदी आहे, २००३ मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाले आहे आणि घोड्यांवर कितीतरी कुटुंबांचे पोट चालते. त्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली तेव्हा घोडे घसरतात, ही तक्रार तिथल्या अश्वपालांनीच पुढे आणली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मातीचे रस्ते पावसात वाहून जातात, धूळ उडते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि आजाऱ्यांना न्यायला त्रास होतो, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि माथेरानमध्ये राहणाऱ्यांना ती सोसावी लागते, हे मी नाकारत नाही. पण माथेरानमध्ये त्या रस्त्यांना पर्याय नाही. खारघरमध्ये सगळीकडे पक्के रस्ते आहेत. इथे एकच वाट मातीची ठेवल्याने कोणाचीही रुग्णवाहिका अडत नाही.

लिपिकांच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी आमच्यातल्याच एका निवृत्त अभियंत्यांनी शोधले. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत रस्त्याच्या साइडपट्ट्यांसाठी कठीण मुरूम पुरवणे, पसरणे, पाणी मारणे आणि रोलरने दाबणे ही कामे आधीपासून आहेत. आपण रोज ज्या साइडपट्टीवरून गाडी खाली घेतो, तीच पट्टी रस्त्यापासून तोडून डोंगराच्या पायथ्याशी नेली, की आमची वाट झाली. त्यांनी त्यावरून साधे अंदाजपत्रक तयार केले. वाटेच्या मधोमध किंचित उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार, म्हणजे पाणी साचणार नाही. डोंगराच्या बाजूला उघडा चर. जिथे ओहोळ वाट ओलांडतो तिथे नळाच्या मोऱ्या, आणि मोरीवर निदान वीतभर जाडीचा मुरूम, म्हणजे खुराला पोकळ आवाज येऊन घोडा थबकणार नाही. मुरूम चाळून घ्यायचा, कारण मोठा खडा नाल आणि खूर यांच्या मध्ये अडकला की घोडा लंगडतो. दर पावसाळ्यानंतर एकदा मुरमाची भर घालायची आणि रोलर फिरवायचा. हा कागद आम्ही पुढच्या भेटीत टेबलावर ठेवला तेव्हा बोलण्याचा सूर बदलला. मागणी तीच होती, पण आता तिला आयटम नंबर होते.

निचऱ्याबद्दल मी इतके लिहिते आहे, कारण कोकणचा पाऊस या मागणीचा खरा परीक्षक आहे. वरातीच्या घोड्या ज्या चार महिन्यांत रिकाम्या असतात, त्याच चार महिन्यांत मातीची वाट चिखलात जाते. सतत ओल्या जागेत उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुराचा तळ कुजू लागतो, त्याला घाण वास येतो आणि काळपट द्रव सुटतो. नालबंद चाचा श्रावणात आले की आधी खूर उचलून वास घेतात आणि मगच पिशवी उघडतात. तेव्हा फक्त हिवाळ्यात छान दिसणारी वाट मिळाली, तर ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्या जनावराला तिचा उपयोग नाही. अतिवृष्टीचे दिवस सोडले तर पावसाळ्यातही चालवता येईल, अशीच ती बांधली गेली पाहिजे, आणि यावर आमच्या गटात कोणतीही तडजोड करायची तयारी नाही.

मार्ग कुठून न्यावा, यावर मात्र आमच्यातच बरेच मतभेद झाले. काही तरुण सभासदांना वाट पांडवकडा धबधब्यापर्यंत जावी असे वाटत होते. पावसाळ्यात धबधबा समोर ठेवून घोड्यावरून जाण्याची कल्पना कोणालाही मोह पाडेल. पण तिथे बुडून मृत्यू झाल्यामुळे पावसाळ्यात प्रवेशबंदी घालावी लागते, आणि वनजमिनीवर पाऊल टाकले की १९८० चा वनसंवर्धनाचा कायदा लागू होतो. जंगलाला जंगल राहू द्यावे, असे माझे स्वतःचेही मत आहे. दुसरी सूचना खाडीकाठची होती. तिथे सपाटी आहे, वारा आहे, पण कांदळवने आहेत; मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या नाशावर पूर्ण बंदी घातली आणि त्यांच्याभोवतीचे ५० मीटरही राखीव मानले. शिवाय ऐरोलीपासून खालच्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात आणि ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा, मिळाला आहे. पक्ष्यांच्या शांततेवर आपला छंद उभा करायचा नाही, यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. म्हणून वनहद्दीच्या खालून, वस्तीच्या वरून जाणारी पायथ्याची पट्टी उरली, जिथे वाट आधीपासून आहे आणि एकही झाड तोडावे लागत नाही.

ती वाट आधीपासून आहे, याचाच अर्थ ती कोणाची तरी आहे. खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी आणि फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत. तिथल्या बाया पावसाळ्यात टाकळा, शेवळे, कर्टुली अशा रानभाज्या घेऊन खाली उतरतात आणि सेक्टरांमध्ये विकतात; त्यांच्या येण्याजाण्याचा एक भाग याच पट्टीवरून जातो. आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांतल्या एका मावशींनी आमचा कागद नीट ऐकून घेतला आणि एकच गोष्ट विचारली: “उद्या फाटक लावाल आणि डोक्यावर भारा घेऊन आम्हाला लांबून फिरायला लावाल, तर?” त्यांची भीती रास्त होती, कारण बागा आणि सोसायट्या करताना असे फाटक या शहरात अनेक ठिकाणी लागलेले आहे. त्या दिवशी आमच्या आराखड्यातले फाटक आम्ही काढून टाकले. त्याऐवजी वाटेच्या दोन्ही तोंडांशी जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन आडवे ओंडके बसवायचे आणि त्यांच्या बाजूला माणूस भाऱ्यासकट सरळ जाईल इतकी फट ठेवायची, असे ठरले. घोडा ओंडके सहज ओलांडतो. फटीची रुंदी त्या मावशींकडूनच, भारा डोक्यावर ठेवून, मोजून घेतली आहे. तिथून मोटारसायकलचे हँडल जाणार नाही अशी वळणाची जागा अभियंत्यांनी काढून दिली. वाटेवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आणि भारा घेऊन चालणाऱ्याचा, घोडेस्वाराने त्याला पाहताच चालीवर यायचे आणि बाजू द्यायची, हे आता आमच्या निवेदनाचे पहिले कलम आहे.

सायकलींचा प्रश्नही विचारला जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये घोडेस्वार आणि पादचारी यांच्यासाठी कायद्याने राखलेल्या वाटा फार पूर्वीपासून आहेत. १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने त्यांवर सायकलींना परवानगी दिली, पण पादचाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट देण्याची अट घालून. तिथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्ता वापरण्याच्या नियमावलीत, २०२२ साली केलेल्या बदलांनुसार रस्त्यावर घोड्याच्या बाजूने जाताना गाडीचा वेग ताशी १० मैलांच्या, म्हणजे १६ किलोमीटरच्या आत आणि अंतर किमान दोन मीटर असणे अपेक्षित आहे. तिथली हवा, तिथली माती आणि तिथली जमिनीची मालकी सगळेच वेगळे आहे, त्यामुळे तो आराखडा उचलून इथे ठेवण्यात अर्थ नाही. पण सायकलस्वाराने मागून येताना घंटी वाजवण्याऐवजी माणसासारखा आवाज द्यावा आणि वेग कमी करावा, हा नियम कुठेही चालण्यासारखा आहे.

लिदीविषयी सर्वांत मोठा आवाज उठला तो एका सोसायटीच्या बैठकीत. घोडा दिवसाला पंधरा-वीस किलोपर्यंत लीद टाकतो, तिचा काही भाग वाटेवर पडणारच. लीद म्हणजे गवत, कोंडा आणि हरभरा; तिचे उत्तम खत होते आणि आमच्या केंद्रातली लीद आजही रोपवाटिकेवाले घेऊन जातात. तरीही बैठकीतल्या एका डॉक्टरांनी धनुर्वाताचा मुद्दा काढला आणि तो बरोबर होता, कारण धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तिच्यामुळे मातीत असू शकतात. त्यामुळे ‘काही होत नाही’ असे म्हणून आम्ही तो झटकला नाही. रोज सकाळच्या फेरीनंतर लीद उचलण्याची जबाबदारी घोडे आणणाऱ्यांची राहील, आणि वाटेवर अनवाणी चालू नये, जखम झाली तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे, असा फलक लावला जाईल, या दोन गोष्टी निवेदनात घातल्या. ग्लँडर्स या घोड्यांच्या, आणि क्वचित माणसालाही होणाऱ्या रोगासाठी रक्ततपासणीचे प्रमाणपत्र असलेलाच घोडा वाटेवर येईल, हेही त्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून आले.

प्राणिप्रेमी मंडळींची शंका मला अधिक गंभीर वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा त्या घोड्यांची अवस्था सगळ्यांनी पाहिली होती: अपुरा चारा, जखमा, उभे राहण्याच्या जागेतली घाण. इथे वाट झाली की उद्या पाच मिनिटांच्या फेरीचे शंभर रुपये घेणारे येतील आणि सुट्टीच्या दिवशी एकच घोडा दिवसभर मुलांना घेऊन हेलपाटे घालील, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही त्यांच्याशी सहमत झालो आणि वाटेवर भाड्याच्या फेऱ्यांना बंदी असावी, असे लिहिले. यामुळे वरातीच्या घोड्यांचे दोन मालक नाराज झाले. पावसाळ्यातल्या फेऱ्यांचे चार पैसे त्यांना हवे होते आणि घोड्याचा चारा त्या महिन्यांतही विकतच घ्यावा लागतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. हा निर्णय मला जड गेला. पण फेऱ्या सुरू झाल्या की वाट घोड्यांच्या विश्रांतीची राहणार नाही, तिथे गर्दी होईल, गर्दीमागे गाड्या आणि गाड्यांमागे पेव्हर ब्लॉक येतील. त्या मालकांना आम्ही दुसरीकडे मदत करतो आहोत: चारा एकत्र खरेदी केला तर लसूणघास आणि कोंडा स्वस्त पडतो, आणि पशुवैद्याची फेरी सगळ्यांनी मिळून ठरवली तर खर्च वाटला जातो.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असेही म्हटले जाते. सकाळी सहा वाजता त्या वाटेवर उभे राहिले तर जे दिसते ते असे: गुडघ्यांच्या दुखण्यामुळे पक्क्या ट्रॅकवर चालणे सोडलेले आजी-आजोबा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली, भारे घेऊन उतरणाऱ्या बाया, आणि अधूनमधून एखादा घोडा. वाट घोड्याच्या मापाची केली, तर या सगळ्यांना ती पुरते; मोटारीच्या मापाची केली, तर यांच्यातल्या कोणालाच पुरत नाही.

कार्यालयीन बाजू थोडक्यात सांगते. खारघर सिडकोने वसवले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ते तिच्या हद्दीत आले. आणि डोंगर वन विभागाचा. तीन किलोमीटरच्या पट्टीला या तिन्ही ठिकाणी कुठे ना कुठे शिवावे लागते, त्यामुळे निवेदनाची एकच प्रत देऊन भागत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. त्याचा उपयोग आम्ही जमिनीची मालकी आणि हद्दीचे नकाशे मिळवण्यासाठी केला. ज्यांना आपापल्या भागात असे काही करायचे असेल, त्यांनी विकास आराखड्याच्या प्रारूपाकडे लक्ष ठेवावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात आणि त्याच वेळी लेखी सूचना दिली तर तिची सुनावणी होते. आराखडा मंजूर होऊन यंत्रे आल्यावर हरकत घेणे म्हणजे वरातीमागून घोडे.

सध्या आमची मागणी संयुक्त पाहणीची आहे. पावसाळा संपल्यावर, चर आणि ओहोळ कुठून वाहिले याच्या खुणा ताज्या असताना, तिन्ही कार्यालयांच्या प्रतिनिधींनी एकाच दिवशी ती वाट चालून पाहावी, असे पत्र आम्ही दिले आहे. हद्दीची रेघ आदल्या दिवशी फक्कीने मारून ठेवू. तीनच मीटर का, दोन का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक टेबलावर येतो आणि कागदावर तो पटवता येत नाही. म्हणून पाहणीच्या वेळी दोन घोडे समोरासमोरून नेऊन दाखवायचे, आणि भारा घेतलेल्या मावशी त्यांच्या बाजूला उभ्या राहतील, असे ठरवले आहे. त्यांतला एक घोडा केंद्राचा आहे. दुसरी घोडी वरातीची आहे, आणि फेऱ्यांवरून नाराज झालेल्या दोन मालकांपैकीच एकाने ती द्यायचे कबूल केले आहे. मुहूर्त सुरू झाले की ती मोकळी नसते, त्यामुळे पाहणीची तारीख तुळशीच्या लग्नाआधीची मिळावी, हे पत्रात वेगळे लिहिले आहे.